एका तुकड्यावर एकच धूर

२ एप्रिल १८८३, सोमवार

आज किनाऱ्यावरच्या मोठ्या खडकापाशी गावाची बैठक झाली. लंडनच्या सरकारने एक आयोग नेमला आहे. तो बोटीने स्कॉटलंडच्या बेटाबेटांवर फिरून कुळांची गाऱ्हाणी ऐकणार आहे आणि पुढच्या महिन्यात आमच्याकडेही येणार आहे. आमच्या बालनाक्रेग गावच्या बावीस घरांतून एक माणूस बोलायला निवडायचा होता. तासभर लोक पावसात उभे राहून एकमेकांची नावं पुढे ढकलत होते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? मालक एडिंबरोत असतो, पण त्याचा कारभारी हॅलिबर्टन नऊ मैलांवर राहतो, आणि इथे कोणापाशीही जमिनीचा कागद नाही. कारभाऱ्याने वसंतात नोटीस धाडली की मे महिन्यात घर सोडायचं, एवढाच आमचा कायदा.

शेवटी लाखलन बीटन म्हणाला, "मी बोलतो. माझे दात पडलेत, चावल्याचा आळ तरी येणार नाही." सगळे हसले आणि मोकळे झाले.

लाखलन माझ्या बायकोचा, एफीचा, मामा. मी बेटाच्या दुसऱ्या टोकाचा, म्हणून गेली अकरा वर्षं तो मला जावईबापू म्हणून चिडवतो. इथे मी शाळामास्तर आहे आणि या भागाचा जन्ममृत्यूचा नोंदणीदारही. अकरा वर्षांत माझ्या नोंदवहीत एकही खाडाखोड नाही. गावाचं निवेदन इंग्रजीत लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. घरी येऊन सांगितलं तर एफी म्हणाली, "लिहून द्या, पण मिरवू नका." कौतुक करायची सवयच नाही त्या घराण्याला.

११ एप्रिल

शाळेचं गवती छप्पर तीन जागी गळतंय. भूगोलाचा नकाशा भिजून आफ्रिका खाली आली. शाळामंडळाला स्लेटच्या, म्हणजे दगडी पाट्यांच्या, छपरासाठी सहावं पत्र लिहिलं. मंडळाचे अध्यक्ष हॅलिबर्टनच. म्हणजे एका हाताने त्यांच्याविरुद्ध निवेदन लिहायचं आणि दुसऱ्याने त्यांच्याकडे छप्पर मागायचं. पण मी दोन्हीकडे खरंच लिहितो, त्यामुळे मला भ्यायचं कारण नाही.

२८ एप्रिल, शनिवार

लाखलन जन्माची नोंद करायला आला. त्याची मुलगी ऊना हिला या महिन्याच्या नऊ तारखेला मुलगी झाली. नाव मारसाली.

यात एक अडचण आहे आणि ती सगळ्या गावाला ठाऊक आहे. जमिनीचा नियम असा की एका तुकड्यावर एकच धूर. लेकाचं किंवा लेकीचं लग्न झालं की त्यांनी आईबापाच्या तुकड्यावर राहायचं नाही, दुसरी चूल मांडायची नाही. जमीन दुसरी मिळत नाही, तेव्हा अर्थ सरळ आहे: बेट सोडा. ऊनाने गेल्या जूनमध्ये टॉर्किलशी लग्न केलं. तो हेरिंग माशांच्या बोटींवर काम करतो, त्याला वीतभर जमीन नाही. तेव्हापासून दोघं लाखलनच्या धान्याच्या खोपीत राहतात. तिथे पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, चार ढेपा जळतात आणि धूर गवतातून झिरपतो. येणारेजाणारे त्या बाजूला बघायचं टाळतात.

लाखलनने टोपी गुडघ्यावर ठेवली. "जावईबापू, पोर टॉर्किलच्या आईकडे झाली असं लिहा. खाडीपलीकडे. तिच्या दारात कोणी धूर मोजत नाही."

मी म्हटलं, "मामा, हे सरकारी पुस्तक आहे. यात मी खोटं लिहिणार नाही."

 मग मी विचारलेलं सगळं त्याने सांगितलं. स्कॉटलंडच्या नोंदीत जन्माची वेळही लागते, आणि ती बहुतेक लोक अंदाजाने ठोकून देतात. पण टॉर्किल आपलं घड्याळ ठेवून गेला होता आणि लाखलनच्या म्हातारीने ते उशाशी धरलं होतं. पहाटे चार वाजून वीस मिनिटं. मी लिहिलं: बालनाक्रेग, तुकडा क्रमांक सात, धान्याची खोपी. लाखलनने खाली फुली मारली. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत नेमकी नोंद असेल.

३० एप्रिल

निवेदनाचा खर्डा लाखलनला आमच्या गेलिक भाषेत वाचून दाखवला. त्याला एक कलम वाढवायचं होतं. म्हणाला, "तुम्ही पुस्तकात लिहिलंच आहे, तर मी आयोगाच्या लॉर्डांसमोर तोंडाने सांगतो. माझी पोर बटाट्यांच्या पोत्यांत बाळंत झाली. एका धुराचा नियम म्हणजे काय, ते त्यांना कळू दे."

मी त्याला परोपरीने समजावलं. चव्हाट्यावर आपण होऊन कबुली द्यायची म्हणजे आपल्या गळ्यात आपणच दोर घालायचा. पुस्तकात आहे ते पुस्तकात राहतं, ते कोण वाचतं? तो म्हणाला, "शिकलेला माणूस म्हणतो तर तसं." ते कलम मी काढून टाकलं. निवेदन आता सुटसुटीत झालं आहे.

३ मे, गुरुवार

आज कारभारी स्वतः शाळेत आले. घोडागाडी दारात उभी राहिली तेव्हा पोरं पहिल्यांदाच एवढी शांत बसली. त्यांनी छपराची भोकं मोजली, नकाशा पाहून हसले आणि घरी चहाला आले. एफीने तव्यावरच्या गरम स्कोन पावांवर लोणी घालून दिलं. लोकांनी या माणसाला राक्षस करून ठेवलंय. मला ते नेहमीच सभ्य वाटले.

छपराबद्दल म्हणाले की मंडळाला आकडे लागतात. पुढच्या पाच-सहा वर्षांत या भागातून किती पोरं शाळेत येतील ते दाखवता आलं तर स्लेट मंजूर करून घेणं सोपं जाईल. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी लगेच जन्मनोंदवही आणून समोर ठेवली. त्यांनी पानं सावकाश उलटली, माझ्या अक्षराची तारीफ केली, खिशातल्या छोट्या वहीत टिपणं घेतली.

मग आयोगाची गोष्ट निघाली. म्हणाले, लोक भितात असं ऐकतो, मी काय म्हटलं म्हणजे त्यांची भीती जाईल? वाक्य तुम्हीच घालून द्या, मॅककुईश, तुमच्याइतकं रेखीव इथे कोणाला लिहिता येतं? मी तिथल्या तिथे लिहून दिलं: "या आयोगापुढे जो कोणी जे काही बोलेल, त्या बोलण्यासाठी त्याला जमिनीवरून काढलं जाणार नाही." त्यांनी एक शब्दही बदलला नाही. कागदाची घडी घालून तो त्याच वहीत ठेवला.

सुंठीवाचून खोकला गेला. सगळं गाव महिनाभर ज्या धास्तीत होतं, ती मी एका चहात मिटवली.

ते गेल्यावर एफी कप गोळा करता करता म्हणाली, "त्यांनी पोरं नुसती मोजली नाहीत. लिहूनही घेतलं."

मी म्हटलं, आकडे लिहूनच घेतात.

"एका आकड्याला एवढा वेळ लागतो?" बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

१७ मे, गुरुवार

आयोग आला आणि गेला. चर्चमध्ये बसायला जागा नव्हती, लोक खिडक्यांबाहेर उभे होते. पुढच्या बाकांवर लंडन-एडिंबरोचे सहा गृहस्थ, बाजूला दुभाषी, आणि भिंतीशी कारभारी.

लाखलन उठला आणि सांगण्याआधी त्याने विचारलं, "मी बोललो तर माझं घर राहील का?" अध्यक्षांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभारी उठले आणि माझं वाक्य वाचलं. दुभाष्याने ते गेलिकमध्ये सांगितल्यावर सगळ्या चर्चने श्वास सोडला. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला लाज नाही.

लाखलन अर्धा तास बोलला. डोंगराची चराई त्याच्या बापाच्या वेळी कशी गेली, आधी मेंढ्यांना आणि मग मेंढ्याही हटवून मालकाच्या शिकारीच्या हरणांना. "साहेब, रात्री हरीण येऊन माझं ओटचं शेत खातं. मी कुत्रा पाळला तर गुन्हा. हाकलायला गेलो तर गुन्हा. हरणाला एकच गोष्ट मना आहे, ती म्हणजे भाडं भरणं." आयोगातला एक म्हातारा गृहस्थ हसू दाबत होता.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का? लाखलन थांबला. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी किंचित नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "नाही, साहेब," आणि खाली बसला.

२१ मे, सोमवार

काल रविवार, देवाचा वार, लेखणीला हात लावता येत नाही, म्हणून आज लिहितो. इनव्हर्नेसच्या वर्तमानपत्रात आमच्या गावची बैठक पाऊण रकाना आली आहे. माझं वाक्य जसंच्या तसं छापलंय, मात्र कारभाऱ्यांचं म्हणून. एफीला दाखवलं. ती म्हणाली, "मग त्यांचंच आहे ते."

६ ऑक्टोबर

सप्टेंबर गेला, बटाटे निघाले, कोणाच्याही केसाला धक्का लागलेला नाही. जे लोक घाबरवत होते ते आता गप्प आहेत. मंडळाचं पत्र आलं: स्लेटचं छप्पर मंजूर. कारभाऱ्यांनी दिलेले आकडे पाहून मंजूर केलं असं स्पष्ट लिहिलंय.

मारसाली सहा महिन्यांची झाली. ऊना तिला शालीत बांधून शाळेवरून जाते आणि पोरं धडा सोडून खिडकीशी धावतात. मोठी गोड पोर आहे.

२ एप्रिल १८८४, बुधवार

किनाऱ्यावरच्या बैठकीला आज बरोबर एक वर्ष झालं. सकाळी लाखलनला नोटीस मिळाली. कारण: तुकडा क्रमांक सातवर दुसरं कुटुंब आणि दुसरी चूल.

 लाखलन नोटीस घेऊन माझ्याकडे आला, मी ती वाचून सांगितली. तो म्हणाला, "नियम तर मोडलाच होता, जावईबापू. पण एवढे दिवस ज्यांना धूर दिसला नाही, त्यांना आज कसा दिसला?"

हाच प्रश्न माझ्याही मनात आहे. कोणीतरी फितूर झालाय. कारभाऱ्याचा मेंढपाळ एलियट दर आठवड्याला डोंगराच्या वाटेने लाखलनच्या खोपीमागून जातो. दक्षिणेकडचा माणूस, गेलिकचा गंध नाही, कोणात मिसळत नाही. त्याच्याशिवाय दुसरं कोण असणार?

९ एप्रिल

माझा संशय मी दोघातिघांना बोलून दाखवला. हवेत बोललो नाही, कारणं दिली. सगळ्यांना पटलं. एलियटला दुकानात कोणी पीठ देत नाही. काल त्याच्या कुत्रीला कोणीतरी विष घातलं. हे जास्त झालं असं मी म्हटलं, पण लोकांचा राग समजण्यासारखा आहे.

जेवताना एफी म्हणाली, "एलियटने खोपी पाहिली असेल. पण तो पहिल्या दिवसापासून पाहत होता. मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, फितुराला मुहूर्त लागत नाही. तिने ताट उचललं. आज मारसाली वर्षाची झाली.

२९ एप्रिल, मंगळवार

शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या न्यायाधीशाच्या, कोर्टातून आत्ता परतलो. पाय भिजलेत, पण आधी लिहितो.

लाखलनला इंग्रजी येत नाही म्हणून त्याने दुभाषी म्हणून मला नेलं होतं. वाटेत तो म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून मला भीती नाही." कोर्टात मालकाच्या वकिलाने कागद वाचायला घेतला. एकेक वाक्य वाचायचा, थांबायचा, मी गेलिकमध्ये सांगायचो. नियमाचं कलम. तुकड्याचा क्रमांक. मग तो वाचू लागला की सदर जागी म्हणजे धान्याच्या खोपीत, नऊ एप्रिल अठराशे त्र्याऐंशी रोजी, पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी एक मूल जन्मलं.

तो थांबला. मी बोलायचं होतं. मला तोंड उघडता येईना.

चार वाजून वीस मिनिटं. ती वेळ म्हातारीला ठाऊक, लाखलनला ठाऊक आणि माझ्या पुस्तकाला. डोंगरावरून जाणाऱ्या मेंढपाळाला घड्याळ कसं दिसणार?

शेरीफ म्हणाले, दुभाष्या, चला. मी लाखलनला सांगितलं की खोपीत मूल जन्मलं असं म्हणतायत. एवढंच सांगितलं. लाखलनने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "त्यांनी आकडे बरेच वाचले. ते कसले?"

"कायद्याची कलमं," मी म्हणालो.

माझ्या पुस्तकात मी कधी खोटं लिहिलं नाही.

मग मी शेरीफना आयोगापुढच्या हमीची आठवण दिली. निदान तेवढं तरी केलं. कारभारी उठले. शांतपणे म्हणाले की हमी बोलण्यासाठी होती, आणि या चुलीबद्दल साक्षीदाराने आयोगापुढे अवाक्षरही काढलेलं नाही, छापील साक्ष काढून पाहा. ते तो बोलला असता तर माझे हात बांधले गेले असते, म्हणाले. मी माझा शब्द अक्षरशः पाळला आहे. शेरीफनी साक्ष काढून पाहिली. आयोगाचा अहवाल याच आठवड्यात बाहेर पडलाय, जाडजूड पाच खंड. त्यात लाखलनची हरणाची गोष्ट आहे आणि शेवटी "आणखी काही? नाही, साहेब" असंही आहे.

जागा सोडायचा हुकूम झाला. बाहेर पायऱ्यांवर कारभाऱ्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि स्लेट ऑगस्टमध्ये येतील असं सांगितलं. मी हात दिला. हात पुढे आला की माझा हात आपोआप जातो.

३० एप्रिल

कालचं पुन्हा वाचलं. मी काय गुन्हा केला? खरी नोंद करणं हा गुन्हा? छपरासाठी आकडे मागितले, मी पुस्तक दिलं. पुस्तकावर टाळं नव्हतं. मनाशी सगळा हिशेब मांडून पाहिला तर प्रत्येक ठिकाणी मी बरोबर आहे. फक्त शेवटी उत्तर चुकतं.

एफीला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. चहात साखर घालायला विसरली.

२९ मे, गुरुवार

सकाळी आठला शेरीफचे चार शिपाई आले. आमच्याकडे भिंतीचे दगड मालकाचे आणि छपराचे वासे कुळाचे, कारण बेटावर झाड नाही. माणूस घर सोडतो तेव्हा वासे बरोबर नेतो. लाखलनने स्वतः शिडी लावून वासे उतरवले. ते वासे त्याच्या बापाने डोंगर गेला तेव्हा वरच्या घरातून खाली आणले होते, आणि आजोबाने त्याच्याही वरून. एका शिपायाला कणव आली, तो शिडी धरून उभा राहिला.

चूल विझवायचा हुकूम असतो. ती चूल म्हातारीच्या माहितीत कधी विझली नव्हती, रोज राखेखाली निखारा झाकून ठेवायचे. पाणी दूर होतं, म्हणून शिपायाने दाराशी असलेलं दुधाचं भांडं ओतलं. करपल्या दुधाचा वास सगळ्या गावात पसरला. ऊना पोरीला घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी होती. टॉर्किल बोटीवर होता, त्याला अजून पत्रही मिळालं नसेल.

गावातलं कोणी त्यांना घरात घेऊ शकत नव्हतं, तोही नियमच. एफीने आमच्या चुलीतला निखारा लोखंडी बादलीत घालून नेला आणि उघड्या आभाळाखाली म्हातारीसमोर ठेवला. शिपायांनी दुसरीकडे पाहिलं. मी एफीला म्हटलं नाही की आपण शाळेच्या घरात राहतो, म्हणजे तेही मंडळाचं आहे. पण ते मनात आलं, आणि आलं म्हणून लिहितो.

दुपारी ग्लासगोच्या बोटीपर्यंत सगळे चालत गेले. वासे खलाशांनी घेतले नाहीत, ते धक्क्यावर राहिले. चढताना लाखलनने माझा हात हातात घेतला. म्हणाला, "येतो, मास्तर. निवेदन तुम्ही फार चांगलं लिहिलं होतंत."

बारा वर्षांत तो मला पहिल्यांदाच मास्तर म्हणाला. दुःखात माणूस नातंगोतं विसरतो.

१९ ऑगस्ट

स्लेट चढल्या. पोरं वर बघत बसतात, धड्यात लक्ष नाही. छप्पर अगदी रेखीव झालंय. कालच्या पावसात एक थेंब आत आला नाही.

११ नोव्हेंबर

एलियट मेंढपाळ काम सोडून दक्षिणेला गेला. जायच्या आधी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण मी वर्ग चालू ठेवला. त्याच्यामागे कुत्रं नव्हतं. गाव अजूनही त्याचं नाव काढून थुंकतं. मी कधी त्यांना अडवलं नाही.

३ जुलै १८८६, शनिवार

आज टेकडीवर आनंदाची होळी पेटवली आहे, समोरच्या बेटांवरही सहा-सात दिसतायत. पार्लमेंटमध्ये कायदा झाला. आता कुळाला कारभाऱ्याच्या मर्जीने काढता येणार नाही, जो आज जमिनीवर आहे त्याचा हक्क कायम, आणि तो आपल्या वारसाला देताही येईल. बालनाक्रेगच्या एकवीस घरांचं आता कोणी काही वाकडं करू शकत नाही.

लोकांनी मला भाषण करायला लावलं. निवेदन मी लिहिलं होतं ना. मी आयोगाचं नाव घेतलं, सरकारचं घेतलं. लाखलनचं घ्यायला गेलो आणि घशात धूर गेला. तो गेल्या हिवाळ्यात ग्लासगोत वारला. गोदीत राखणदार होता म्हणे. त्याच्या मरणाची नोंद दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात आहे.

२० जुलै, मंगळवार

ग्लासगोच्या गिरण्यांना जत्रेची सुटी आहे. आज दुपारी शाळेच्या दारात शहरी टोपी घातलेली बाई उभी राहिली, हाताला तीन वर्षांची पोर. ऊनाला मी ओळखलंच नाही.

ती सात नंबरवर जाऊन आली होती. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्यात आणि आत खाजरं रान माजलंय. पोरीला तिने दाखवलं की इथे तू झालीस. पोरीला ते पटलं नाही, ती म्हणाली इथे तर छप्परच नाही.

मग ऊनाने कामाची गोष्ट काढली. ग्लासगोत गेलिक लोकांच्या सभेत तिने ऐकलं होतं की कायदा झाला, जमीन लोकांना परत मिळणार. तिला मारसालीच्या जन्माचा उतारा हवा होता. "त्या जमिनीवर जन्मली असं सरकारी कागदावर असेल तर हक्क सांगता येईल ना, मास्तर? मोठ्यांचा नसेल, तिचा तरी?"

कायदा मी दोनदा वाचलाय. जो त्या दिवशी जमिनीवर होता त्याचाच हक्क. जे आधी काढले गेले त्यांच्यासाठी त्यात एक ओळ नाही. हे मी तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, अर्ज करून पाहायला हरकत नाही.

पुस्तक काढलं. ते पान आपोआप उघडलं. मी उतारा केला, आजवर केला नसेल इतक्या सावकाश. तिने वाचून दाखवायला सांगितलं. मी इंग्रजी वाचलं आणि गेलिकमध्ये सांगितलं, या वेळी सगळं: तुकडा, खोपी, तारीख, चार वाजून वीस मिनिटं.

ऊना म्हणाली, "वेळसुद्धा लिहिलीत? आई टॉर्किलचं घड्याळ धरून बसली होती." ती कागदावर बोट फिरवत राहिली. "बाबा म्हणाले होते, दुसरीकडचं लिहा म्हणून मी मास्तरांना सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. बरं झालं तुम्ही ऐकलं नाहीत. आमच्या घराचा हा एवढाच पुरावा राहिला."

मी उताऱ्याची फी नको म्हणालो. तिने टेबलावर ठेवलीच. फुकटचा कागद कोर्टात चालणार नाही, म्हणाली.

एफी मागे दारात उभी होती, केव्हापासून ते ठाऊक नाही. मला वाटलं, आता ती सांगेल. सांगितलं तर बरं, असंही वाटलं. तिने काही सांगितलं नाही. ऊनाला आत नेलं, पोरीला दूध दिलं, आणि दोघींसाठी चहा केला. ऊनाच्या कपात तिने दोन चमचे साखर घातली.

माझ्या चहात दोन वर्षांत साखर नाही. मी एकदाही मागितलेली नाही.